साक्षीचे भाषांतर नको

ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेविषयी शेजाऱ्याशी बोलावे की बोलू नये, हा या लेखाचा विषय नाही. खुशाल बोलावे. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने त्याला तो हक्क दिला आहे, आणि न पटल्यास चहा पाजून त्याला वाटेला लावण्याचा हक्क मला आहेच. मी ख्रिस्ती नाही. या संवादात मी नेहमी ऐकणारीच्या जागी असते, आणि भाषांतराचा व्यवसाय असल्यामुळे हे बोलणे ज्या पुस्तकांतून शिकवले जाते ती पुस्तकेही माझ्या टेबलावर येतात. माझे भांडण या पुस्तकांशी आहे. सुवार्ता कशी सांगावी, साक्ष कशी द्यावी, मित्राला ख्रिस्ताकडे कसे आणावे हे शिकवणारी, इंग्रजीतून मराठीत ओतलेली ही हस्तपुस्तके छापणे थांबवावे आणि माझ्या व्यवसायबंधूंनी ती कामे घेऊ नयेत, असे माझे म्हणणे आहे. यात पोटावर पाय येतो हे मला ठाऊक आहे. ही कामे बरे पैसे देतात आणि वेळेवर देतात. कवितेच्या भाषांतराचे मानधन ज्यांनी वर्षवर्ष मागितले आहे त्यांना या दुसऱ्या गुणाचे मोल सांगायला नको.

या पुस्तकांचे कूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. कॅलिफोर्नियात मिठाईचा धंदा करणाऱ्या बिल ब्राइट यांनी १९५१ मध्ये ‘कॅम्पस क्रुसेड फॉर क्राइस्ट’ ही संस्था काढली. त्यांची चार आध्यात्मिक नियमांची खिशात मावणारी पुस्तिका १९६५ पासून जगभर वाटली गेली. निसर्गाला जसे नियम आहेत तसे अध्यात्मालाही आहेत, अशी तिची सुरुवात. मग देवाचे प्रेम आणि त्याची योजना, मग पाप, मग ख्रिस्त, मग स्वीकार, आणि शेवटी तिथल्या तिथे म्हणायची प्रार्थना. दुसरे घराणे फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलचे पास्टर डी. जेम्स केनेडी यांचे. त्यांच्या १९७० च्या ‘इव्हँजेलिझम एक्सप्लोजन’ने घरोघरी जाणाऱ्याला दोन प्रश्न पाठ करायला दिले: आज रात्री तुम्हाला मरण आले तर स्वर्गात जाल अशी खात्री आहे का, आणि देवाने विचारले की तुला आत का घेऊ, तर काय सांगाल. त्यानंतर आलेली बहुतेक पुस्तके या दोहोंची मुले-नातवंडे आहेत.

जिथे ती लिहिली गेली तिथे त्यांना अर्थ असेल. त्या गावात दार उघडणाऱ्याला स्वर्ग, पाप, कृपा हे शब्द आजीच्या मांडीवर बसून माहीत झालेले असतात. तो चर्चपासून दूर गेलेला असतो, चर्चच्या भाषेपासून नाही. त्याला आठवण करून द्यायची, बस. आता तोच प्रश्न भिलाईच्या एखाद्या सेक्टरमध्ये, दिवेलागणीला, विदर्भातून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबाच्या उंबऱ्यावर विचारून पाहा. “काकू, आज रात्री तुम्ही गेलात तर...” पुढचे वाक्य कोणी ऐकून घेणार नाही. ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणणारी भाषा आहे ही. वास्तू तथास्तु म्हणते असे मानणाऱ्या घरात तिन्हीसांजेला कोणी मरणाचे नाव काढत नाही. घरातून निघतानासुद्धा ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात. भाषांतरकाराने वाक्य बिनचूक आणले आहे. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळे जागेवर. फक्त ते बोलता येण्याजोगे वाक्य नाही, शाप आहे.

आणि मला जास्त काळजी वाटते ती ‘योजना’ या साध्या शब्दाची. देवाची तुमच्या जीवनासाठी एक सुंदर योजना आहे, असे या पुस्तिकांचे मराठी आणि हिंदी अवतार सांगतात. इंग्रजीत त्या जागी जो शब्द आहे त्याला बेताचा, हेतूचा, कोणीतरी आपला विचार करून ठेवल्याचा वास आहे. आपल्याकडे योजना म्हणजे सरकारी योजना. रेशनची, घरकुलाची, महिन्याला खात्यात जमा होणाऱ्या रकमेची. गावातल्या बाईला सांगा की तुझ्यासाठी योजना आहे; ती पहिला प्रश्न विचारील की कागद कोणते लागतात. यात तिचे काहीच चुकत नाही. पण छत्तीसगडमध्ये धर्म स्वातंत्र्य कायदा आहे, ‘प्रलोभन’ हा त्यातला गुन्ह्याचा शब्द आहे, आणि भेटवस्तू, पैसा किंवा कोणताही ऐहिक लाभ देऊ करणे त्यात बसते. सांगणारी मुलगी मोक्षाविषयी बोलत होती. ऐकणारीने लाभ ऐकला. तिसऱ्याने ते पोलीस ठाण्यात जाऊन सांगितले. या साखळीतली पहिली कडी भाषांतरकाराच्या टेबलावर तयार होते. ‘संकल्प’ चालला असता, ‘मनात आहे’ हे तर फारच चालले असते. देवाच्या मनात तुझ्याविषयी काही चांगले आहे, एवढे कोणतीही मराठी बाई कोणत्याही मराठी बाईला सांगू शकते.

पण शब्द बदलून भागणार नाही, कारण साचाच ऐकणाऱ्याकडे तिरप्या नजरेने पाहतो. आत्मे ‘जिंकायचे’ असतात. माणसांची ‘कापणी’ व्हायची असते. हा शब्द शुभवर्तमानातला आहे हे मला माहीत आहे, पण तिथे तो येशू आपल्या शिष्यांपाशी बोलतो, पिकापाशी नव्हे. भेटलेल्या माणसाला ‘संपर्क’ म्हणतात आणि पुन्हा भेटायला जाण्याला ‘पाठपुरावा’, म्हणजे थकलेल्या बिलाचा करतात तो. ज्यांच्यापर्यंत सुवार्ता गेली नाही ते ‘न पोहोचलेले लोक’. मराठीत पोचलेला माणूस म्हणजे एक तर संत, नाही तर बेरकी. न पोचलेले म्हणजे कोण हे ज्याने त्याने ठरवावे. दहा ते चाळीस उत्तर अक्षांशांमधल्या प्रदेशाला या साहित्यात ‘१०/४० खिडकी’ म्हणतात. भिलाई साधारण एकविसाव्या अक्षांशावर आहे, म्हणजे मी त्या खिडकीत अगदी मधोमध बसले आहे. खिडकीतून बाहेर पाहण्याची सवय असलेल्या माणसाला, आपण कोणाच्या तरी खिडकीतले दृश्य आहोत हे कळले की कसेसेच होते.

गंमत अशी की इंग्रजीत ही मंडळी शब्दांबाबत अतिशय जागरूक आहेत. ब्राइट यांच्या संस्थेने २०११ मध्ये अमेरिकेतले आपले नाव बदलून ‘क्रू’ केले, कारण ‘क्रुसेड’ हा शब्द ऐकून लोक बिथरतात हे तिला पटले. आपल्या ऐकणाऱ्यासाठी साठ वर्षांचे नाव सोडायची तयारी! आमच्या ऐकणाऱ्यासाठी मात्र कोणी एक विशेषण सोडत नाही. मराठी आवृत्ती म्हणजे मूळ मजकूर, वर देवनागरीची गोधडी.

आता जुनी गोष्ट सांगते, कारण ती इथलीच आहे. भिलाईहून नागपूरकडे निघालेली गाडी दुर्गनंतर राजनांदगावला थांबते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला नारायण वामन टिळक नावाचे तरुण कवी या मार्गावर उलट दिशेने येत होते, नागपूरहून राजनांदगावला, त्या संस्थानात काम मिळाले म्हणून. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचा फ्री मेथडिस्ट मिशनरी होता. दोघांचे बोलणे झाले. वॉर्डने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ते मनावर घेतले नाही. पुस्तक वाचीन, एवढे मात्र कबूल केले. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या गोष्टीतला वॉर्डचा वाटा किती लहान आहे पाहा. पाठपुरावा नाही, प्रश्नावली नाही, तिथल्या तिथे म्हणायची प्रार्थना नाही. भाकिताचा आगाऊपणा होता, तो असो. तेवढा कोणत्याही काळात कोणत्याही धर्माचा उत्साही माणूस करतो. बाकीचे काम एका पुस्तकाने आणि एका वाचणाऱ्याने केले. आणि ते वाचणे रिकाम्या मनाने झाले नव्हते. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे टिळक पुढे सांगत. पुढे त्यांनी स्वतः सांगायला सुरुवात केली ती कशी? अभंगांतून, कीर्तनांतून, ‘ज्ञानोदया’च्या स्तंभांतून. ‘अभंगांजली’ आणि त्यांची भजने अजूनही चर्चमध्ये गायली जातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्हींना सामावणारा. तो दरबार १९१९ मध्ये त्यांच्यानंतर फार टिकला नाही. पण ख्रिस्ताविषयी मराठीत कसे बोलावे, याचे त्याहून चांगले हस्तपुस्तक मला माहीत नाही, आणि ते कोणी छापलेले नाही.

या बाबतीत मराठीचे कपाट रिकामे असते तर फ्लोरिडाहून आयात समजू शकले असते. ते चारशे वर्षे भरत आले आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. त्याच्या आरंभीच श्रोता पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर तशी दुसरी आम्हाला का देत नाही? त्या प्रश्नामागे पोर्तुगीज सत्तेचा बडगा होता हे विसरता येत नाही, आणि स्टीफन्सची सुंदर मराठी त्याचे क्षालन करीत नाही. तरी कारागीर म्हणून मला त्याचा निर्णय दिसतो. त्याने स्वर्गाला वैकुंठ म्हटले, पुराणिकाचा संवाद उचलला, ओवीचा छंद घेतला. ऐकणाऱ्याचा कान आधी, सांगणाऱ्याचा मजकूर नंतर.

त्याच्या अगदी उलट वाट पंडिता रमाबाईंची, आणि मला ती अधिक अवघड वाटते. प्रचलित मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. शिवाय हिंदू कल्पनांचा रंग चढलेले शब्द त्यांना नको होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या आणि आयुष्याची शेवटची पंधरा-एक वर्षे, खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईला कळेल अशा मराठीत सगळे बायबल उतरवले. तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून ते छापून निघाले, १९२४ मध्ये, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी. स्टीफन्सने वैकुंठ घेतले, रमाबाईंनी असे शब्द गाळले. मला दोघांत निवड करायची नाही. दोघांच्याही डोळ्यांसमोर एक ठरावीक ऐकणारी होती, तिचे तोंड दिसत होते, एवढाच मुद्दा आहे. आजच्या भाषांतरित हस्तपुस्तकाच्या डोळ्यांसमोर कोणाचे तोंड आहे?

इथे मला दोन आक्षेप नेहमी ऐकवले जातात. पहिला सोपा आहे: बायबलच मुळात भाषांतरित आहे, मग हस्तपुस्तकाचे भाषांतर का चालू नये? अहो, बायबल हे जे सांगायचे ते आहे. हस्तपुस्तक हे शेजारणीशी बोलायचे कसे ते आहे. डोंगरावरच्या प्रवचनाचे भाषांतर करा, दहा वेळा करा, रमाबाईंसारखे करा. दाराची कडी कशी वाजवावी हे भाषांतरित करू नका, कारण आमच्याकडे कडी वेगळी आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. मराठी ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग अस्पृश्य ठरवलेल्या जातींतून आला, आणि टिळक, रमाबाई, लक्ष्मीबाई ही सगळी ब्राह्मण घरांतली माणसे. त्यांची अभंग-कीर्तनाची परंपरा ‘आपली’ म्हणून पुढे करणे म्हणजे नगर-जालन्याच्या ख्रिस्ती वस्त्यांवर पुन्हा एकदा वरची भाषा लादणे होय. मला हा आक्षेप मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. पण त्याने फ्लोरिडाचे दोन प्रश्न समर्थनीय ठरत नाहीत. उलट त्या वस्त्यांतल्या माणसांनी आपल्या श्रद्धेविषयी शेजारच्या बौद्धाशी, मातंगाशी, मराठ्याशी काय बोलणे केले, पाणवठ्यावर काय ऐकून घेतले, काय उत्तर दिले, हे कोणी लिहून का घेतले नाही, असा प्रश्न उभा राहतो. टिळकांची नक्कल करा असे मी म्हणत नाही. त्यांनी जसे स्वतःच्या घरातले बोलणे वापरले तसे तुमच्या घरातले वापरा.

कायद्याचा मुद्दा वर ओझरता आला. तो थोडा उलगडायला हवा, कारण इथे राहून हा विषय निव्वळ शैलीचा उरत नाही. जुन्या मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर असताना, निवृत्त मुख्य न्यायाधीश नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. त्यात मिशनांच्याच प्रकाशनांतले उतारे पुरावा म्हणून दिले आहेत, आणि सरकारच्या मंजुरीवाचून धर्मप्रचाराचे साहित्य वाटण्यास बंदी घालावी अशी शिफारसही आहे. म्हणजे परक्या वाचकासाठी, परक्या देणगीदारासाठी लिहिलेली फुशारकीची भाषा इथल्या माणसावर उलटते, हे सत्तर वर्षांपूर्वीच दिसून गेले होते. त्या शिफारशीला माझा कडकडीत विरोध आहे. पुस्तक वाटायला परवानगी लागणे ही लेखकाच्या गळ्याभोवतीची दोरी आहे, मग पुस्तक कोणाचेही असो.

१९६८ मध्ये मध्य प्रदेशाचा धर्म स्वातंत्र्य कायदा झाला आणि राज्य वेगळे झाल्यावर तो छत्तीसगडकडे आला. बलौदाबाजारच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याने त्याखाली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावर खटला चालवायला मंजुरी दिली आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी १९७७ चा निकाल असा की धर्माचा प्रसार म्हणजे त्याच्या तत्त्वांचे विवरण करून तो पसरवणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालावर टीका पुष्कळ झाली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पण तूर्त कायदा हा आहे, आणि त्यात राहिलेली जागा ‘विवरणा’ची आहे. विवरण म्हणजे समजावून सांगणे. भाषांतरित हस्तपुस्तक नेमके तेच शिकवत नाही. ते शेवटच्या पानावरची प्रार्थना म्हणवून घ्यायला शिकवते. जो प्रदेश विवरणाला मोकळा आहे तिथे ते आपल्या वाचकाला निकालाच्या नादी लावते.

जुलै २०२५ मध्ये दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन्सना अटक झाली, तीन आदिवासी तरुणींना बरोबर नेत होत्या म्हणून; मानवी तस्करी आणि धर्मांतर असे आरोप होते. ऑगस्टच्या सुरुवातीला बिलासपूरच्या न्यायालयातून जामीन मिळाला. त्या प्रकरणात कोणत्या पुस्तकाचा संबंध नव्हता. टिळकांना नवा करार ज्या मार्गावर मिळाला त्याच मार्गावरच्या फलाटाची आज ही हवा आहे, एवढ्यासाठी सांगितले. अशा हवेत ‘आत्मे जिंकण्या’चे पुस्तक पिशवीत घालून एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलीला पाठवणारे प्रकाशक स्वतः कुठल्या शहरात, किती सुरक्षित बसलेले असतात, हे मला विचारावेसे वाटते.

आता आपल्या बाजूकडे वळते, म्हणजे हे नियतकालिक वाचणाऱ्यांकडे. आपण हे साहित्यच मानत नाही. प्रचार म्हटले की झाले. समीक्षा नाही, परीक्षण नाही, भाषेची झाडाझडती नाही. पण बाबा पदमनजींचे १८५७ चे ‘यमुनापर्यटन’, ज्याला आपण पहिली मराठी कादंबरी म्हणून मिरवतो, ते याच कुळातले पुस्तक आहे. विधवांचे हाल दाखवीत दाखवीत ते यमुनेला ख्रिस्ती धर्मापर्यंत नेते, आणि हे त्याने लपवलेलेही नाही. आपण हाल ठेवले आणि यमुनेचा शेवट अभ्यासक्रमाच्या तळटीपेत ढकलला. ‘स्मृतिचित्रे’चे तेच. १९३४ पासून आलेले हे आत्मचरित्र विनोदासाठी, बोलीसाठी, टिळकांच्या विक्षिप्तपणासाठी वाचले जाते. शाळेच्या पुस्तकांत त्याचे धडे येतात. नवऱ्याने न सांगता धर्म बदलला म्हणून जीव टाकायला निघालेली बाई पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या पायांनी त्याच वाटेने गेली. तिचे सोवळे कसे एकेक पदर गळून पडले, हे तिने कोणालाही पटवायचा यत्न न करता सांगितले आहे. मी ख्रिस्ती नसून ते वाचून हलते, कारण ती मला ‘संपर्क’ समजत नाही. साक्ष या शब्दाचा अर्थ मला त्या पुस्तकाने शिकवला.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आले, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या उस्मानाबादच्या संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा, पाद्री म्हणून, विरोध झाला. विरोध करणाऱ्यांविषयी लिहून झाले आहे. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांपैकी, माझ्या ओळखीच्या वर्तुळात तरी, त्यांच्या भाषांतराची दोन पाने वाचलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आपण माणसाच्या हक्कासाठी उभे राहिलो आणि त्याच्या वाक्याकडे ढुंकून पाहिले नाही. मग चांगले वाक्य लिहायची जबाबदारी कोणाला वाटावी? परीक्षणच होत नसेल तर कोल्हापूरचा किंवा नागपूरचा एखादा ख्रिस्ती लेखक स्वतःचे हस्तपुस्तक लिहायला कशाला बसेल. भाषांतराचा दर ठरलेला आहे, मजकूर तयार आहे, पैसे येतात.

म्हणून प्रकाशनसंस्थांना माझे सांगणे असे. पुढच्या हस्तपुस्तकाच्या हक्कांना आणि भाषांतराला जे पैसे ठेवले आहेत ते वीस माणसांना वाटा. एक परिचारिका, एक मिस्त्री, एक बदलीवर आलेली शिक्षिका, कारखान्यातून निवृत्त झालेले कोणी, वसईचा बागाईतदार, नगरकडची भजन म्हणणारी आजी. त्यांनी लिहावे, लिहिता येत नसेल तर बोलावे आणि कोणी उतरवून घ्यावे: श्रद्धेविषयी कोणाशी बोललात, सुरुवात कोणी केली, समोरच्याने काय विचारले, कशाचे उत्तर आले नाही, कोण रागावले, कोण नंतरही डबा द्यायला येत राहिले. फसलेली बोलणी आधी छापा. त्यांत धर्म बदललेला एकही माणूस नसला तरी चालेल.

असे हस्तलिखित तयार झाले तर त्याचे इंग्रजी भाषांतर करायला मी तयार आहे, नेहमीच्या दराने. फ्लोरिडात ते कोणी छापील की नाही सांगता येत नाही.